गुरुवारी कोबीची ड्यूटी

मी बस डेपोत ड्यूटी लावतो. म्हणजे कुठल्या ड्रायव्हरने कुठल्या दिवशी, किती वाजता, कुठली गाडी बाहेर काढायची, हे ठरवणारा माणूस मी. दोनशे बारा ड्रायव्हर, एकशे साठ गाड्या आणि त्या सगळ्यांच्या डोक्यावर बसलेला एक मी. मला स्वतःला गाडी चालवता येत नाही. सायकलवरूनसुद्धा मी उतार आला की खाली उतरतो आणि चालत जातो. पण एकोणीस वर्षं ड्रायव्हर लोकांना अक्कल शिकवतोय, आणि एवढ्या वर्षांत कुणी मला तोंडावर काही बोललं नव्हतं. पाठीमागे काय बोलतात ते मला या वर्षी कळलं, आणि तेही घरच्या जेवणापायी.

माझी बायको हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे. अकरा वर्षं सकाळची पाळी. सहाला घर सोडायचं, अडीचला परत यायचं, तासभर पाठ टेकायची आणि मग संध्याकाळच्या स्वयंपाकाला लागायचं. यंदा लॅबमध्ये संध्याकाळच्या पाळीला विभागप्रमुख हवा होता. वरच्यांनी हिला बोलावून सांगितलं, तुम्ही घ्या. दुपारी दोन ते रात्री नऊ. तीन महिने करून बघा, जमलं तर सही करा, जागा कायमची तुमची. नाही जमलं तर परत सकाळच्या पाळीला जा, मग मात्र हा विषय पुन्हा निघायचा नाही.

ती ते पत्र घेऊन आली, जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि समोर बसली.

"नाही म्हणूनच सांगते," ती म्हणाली. "रोज संध्याकाळी घरात जेवायला कोण घालणार?"

प्रश्न बरोबर होता. माझी आई आमच्याकडे असते, बाहत्तर वर्षांची. तिचे हात थरथरतात. गेल्या वर्षी उकळतं दूध अंगावर सांडता सांडता वाचली, तेव्हापासून डॉक्टरांनी तिला गॅसजवळ फिरकायचंही नाही अशी ताकीद दिलेली. मुलगी चौदा वर्षांची. तिला आम्ही वकीलबाई म्हणतो, कारण 'दात घास' म्हटलं तरी ती आधी कारण विचारते. राहिलो मी. मला चहा येतो.

पण समोर बायकोचा चेहरा होता. पत्राकडे बघायचं नाही म्हणून ती खिडकीबाहेर बघत होती, आणि खिडकीबाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. मला राहवलं नाही. "मी बघतो," मी म्हणालो. तिथेच गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं, पण आमच्या जिभेला हाड कुठलं! "अगं, दोनशे बारा माणसांची व्यवस्था लावतो मी रोज. चार माणसांचं जेवण म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ."

"डावा हात धू आधी," आई म्हणाली.

बायको हसली. खूप दिवसांनी अशी हसली, आणि दुसऱ्या दिवशी तिने लॅबमध्ये होकार दिला. आता तिची जागा माझ्या स्वयंपाकावर टिकणार होती. एवढी मोठी गोष्ट कुणी चहा येणाऱ्या माणसावर सोपवतं का? पण सोपवली खरी.

रविवारी मी डेपोतला मोठा कागद घरी आणला, पट्टी घेतली, लाल आणि निळं पेन घेतलं आणि दुपारभर बसून आठवड्याच्या जेवणाचा चार्ट तयार केला. सोमवारी डाळ-भात. मंगळवारी बटाटा. बुधवारी अंडी. गुरुवारी कोबी. शुक्रवारी मासे. कुणालाही लागोपाठ दोन दिवस ड्यूटी नाही. आयत्या वेळी एखादा पदार्थ बंद पडलाच तर स्पेअर म्हणून पाव. डेपोत जसा स्पेअर ड्रायव्हर बाकावर बसून असतो तसा तो पाव डब्यात बसून राहणार. शनिवार-रविवार बायको घरी, तेव्हा तिकडे मी लक्ष घातलं नाही. खाली ठळक अक्षरात नियम लिहिले: चार्टमध्ये बदल होणार नाही. जेवण साडेसातला. तक्रार असल्यास ती लेखी, फ्रिजवर टांगलेल्या वहीत, शनिवारी दुपारी बारापर्यंत. तोंडी तक्रार ऐकली जाणार नाही.

हे नियम माझ्या डेपोतले, जसेच्या तसे. मी कागद फ्रिजवर चिकटवला, दोन पावलं मागे गेलो आणि मला स्वतःचाच अभिमान वाटला.

वकीलबाईंनी तो वाचला. "बाबा, गुरुवारी कोबी खायला लागावा असा आम्ही काय गुन्हा केलाय?"

"लेखी दे."

"आजीचे हात थरथरतात. तिने कसं लिहायचं?"

"आजीची काही तक्रार नाहीये."

आईने मान वर करून चार्टकडे बघितलं. "अक्षर छान आहे," ती म्हणाली. मी ती पसंती समजलो.

आता माझ्या पाककौशल्याबद्दल. पाचही दिवसांच्या भाज्या रविवारीच चिरून ठेवायच्या अशी माझी शक्कल होती. डेपोत नाही का गाड्या आदल्या दिवशी धुऊन तयार ठेवत! पण धुतलेली गाडी चार दिवस उभी राहिली तरी गाडीच राहते. चिरलेला कोबी गुरुवारपर्यंत कोबी राहत नाही. डबा उघडला की ओल्या मोज्यांचा वास यायचा. डाळीचं सांगायचं तर डाळ तळाशी, पाणी वर आणि दोघांचं एकमेकांशी बोलणं बंद. भात वाढायला सुरी घ्यावी लागायची. बटाटा बाहेरून काळा आणि आतून कच्चा, एकाच वेळी दोन्ही. हे कसं साधतं ते शेजारच्या काकूंनी मला अगदी मनापासून विचारलं होतं. माशांच्या दिवशी काकू प्रश्न विचारत नसत, खिडकी लावून घेत.

पण साडेसात म्हणजे साडेसात! वेळेच्या बाबतीत मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही. ठोक्याला चार ताटल्या टेबलावर मांडायच्या आणि चार्टवर लाल पेनाने बरोबरची खूण करायची, हा माझा रोजचा आनंदाचा क्षण. एकदा खूण झाली की माझ्या मते सगळे जेवले.

आई दोन घास खाऊन हात धुवायची. "या वयात रात्रीचं जात नाही रे," म्हणायची. वकीलबाई म्हणायच्या, "मी शाळेतून येताना खाल्लंय." मी मनात म्हणायचो, वय आहे, भूक कमी होणारच, पोरं बाहेर खातात, खाणारच. बायको सव्वानऊला यायची आणि झाकून ठेवलेलं ताट मान खाली घालून शेवटच्या शितापर्यंत संपवायची. "छान झालंय," म्हणायची. एवढंच नव्हे, उरलेलं दुसऱ्या दिवशी डब्यात घालून लॅबमध्ये न्यायची. आता बोला! माणसं हॉटेलातलं डब्यात घालून नेतात, हिने माझा कोबी नेला. तक्रारवहीत तीन महिन्यांत एकच नोंद झाली, ती माझ्याच हातची: मीठ संपलं.

मी डेपोत जाऊन फुशारक्या मारायला लागलो. आमच्याकडे एक सगळ्यात जुना ड्रायव्हर आहे, त्याला सगळे भोंगा म्हणतात. तो गेटवर खोकला की वर्कशॉपमधला माणूस दचकतो. त्याला मी सांगितलं, "दोन महिने झाले, घरात एकही तक्रार नाही. पद्धतशीर काम म्हणतात ते हे."

भोंग्याने माझ्याकडे निरखून बघितलं. "साहेब, एकही नाही? मग घरात काहीतरी शिजतंय."

"मीच शिजवतोय ना."

"तसं नाही हो. तुमच्या इथल्या चार्टवर तरी आम्ही कुठे तक्रार करतो? सात वर्षं झाली, आम्ही आपसात बदलून घेतो. माझी पहाटेची तो करतो, त्याची दुपारची मी. तुम्ही खूण करता, तेव्हा गाडी गेटबाहेर पडलेली असते. आत कोण बसलंय आणि ती पोचली का, तुम्हाला काय माहीत?"

माझं डोकं असं सणकलं म्हणून सांगू! सात वर्षं मी पट्टीने रेघा मारतोय आणि हे लोक माझ्या नाकावर टिच्चून स्वतःचा चार्ट चालवतायत! "एकेकावर कारवाई करीन," मी ओरडलो.

"करा की," भोंगा म्हणाला. "सगळ्यांची नावं देतो. लेखी. शनिवारी बारापर्यंत."

दोन दिवस मी कुणाशी धड बोललो नाही. पण त्या दोन दिवसांत, आणि पुढच्या चार आठवड्यांतही, घरच्या चार्टवरच्या लाल खुणांबद्दल माझ्या डोक्यात एकदाही शंका आली नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात, पण त्याला आधी दिवा तरी लागतो.

शेवटच्या आठवड्यातला गुरुवार. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला बायकोने वरच्यांच्या खोलीत जाऊन सही करायची होती. त्या गुरुवारी डेपोतले कॉम्प्युटर दुपारीच बंद पडले, म्हणून मी चार वाजता घरी आलो. जिन्यातच कांदा परतल्याचा असा वास आला की पोटात खड्डा पडला. मनात म्हटलं, काकूंची चैन आहे. दार उघडून बघतो तो वास आमच्याच घरातून.

आई गॅससमोर स्टुलावर बसलेली. वकीलबाई शाळेच्या कपड्यांत, हातात रिकामी ताटली घेऊन शेजारी उभ्या. कढईत काहीतरी लालसर, मऊ, रटरटत होतं.

"आई!" मी ओरडलो.

ओरडायचं काही कारण होतं का? पण ओरडलो. आई दचकली, थरथरता हात पुढे गेला आणि मनगट कढईच्या कडेला टेकलं. तिने हूं की चूं केलं नाही. पोरीने ताटली टाकली, गॅस बंद केला, आजीचा हात नळाखाली धरला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा. 'तरी मी सांगत होतो' असं काहीतरी तोंडात आलं होतं, पण मी काहीच सांगत नव्हतो हे माझ्याही लक्षात आलं.

"किती दिवस चाललंय हे?" मी विचारलं.

"पहिल्या गुरुवारपासून," वकीलबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज रडका झाला होता, पण बाजू मांडणं सुटलं नाही. "आजी बसून सांगते, मी कढई धरते. आम्ही दोघी चार वाजता जेवतो. साडेसातला तुझ्यासाठी दोन घास खातो. आणि नळाखाली हात मी धरलाय, तू नाही."

"आणि तुझी आई? तिला माहीत आहे?"

"आजीचं नाही माहीत. पण तुझं जेवण कसं असतं ते तिला माहीत असणारच ना, बाबा. तीच तर संपवते."

मनगटावर चांगला लांब फोड आला. डॉक्टरांकडे नेऊन पट्टी बांधून आणली. पोरीने तिच्या आईला लॅबमध्ये फोन केला, आणि बायको कुणाला तरी काम सोपवून साडेसहाला घरी आली. तिने आधी आईचा हात बघितला, मग ओट्यावरची कढई, मग फ्रिजवरचा चार्ट. गुरुवारच्या रकान्यात खूण नव्हती. ती खुर्चीत बसली, पर्समधून ते पत्र काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"उद्या नको म्हणून सांगते," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला सोपं गेलं असतं. "माझंच चुकलं. कळत होतं मला, रोज पहिल्या घासालाच कळायचं. पण वाटलं, तीन महिने कसेबसे रेटू. आई, तुम्ही तरी मला सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी तू ती जागा सोडली असतीस," आई म्हणाली.

मी काहीतरी बोलायला हवं होतं. घरातला कर्ता माणूस मी! सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे, आणि माझ्या तोंडून काय निघावं?

"मी नवीन चार्ट करतो."

आईने टेबलावर हात आपटला. पट्टीचाच हात. कळवळली, पण थांबली नाही.

"चार्ट घाल चुलीत! तेरा आठवड्यांत एकदा तरी विचारलंस, आई, पोट भरलं का? ताटल्या मांडायच्या आणि खुणा करायच्या. तू लहान होतास तेव्हा मी एक्स्चेंजमध्ये होते, आठवतं का?"

आई काही वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती एवढं मला माहीत होतं.

"तिथे मला संध्याकाळच्या पाळीची सुपरवायझर केली होती. चाळीस जणींवर. आठ दिवस केलं मी ते काम, आठच दिवस. तुझे बाबा घरी स्वयंपाक करायचे. तू चार वर्षांचा. त्यांच्या हातचं तोंडात घ्यायचा नाहीस, ताटली ढकलून द्यायचास, मी येईपर्यंत रडून रडून निळा व्हायचास. आठव्या दिवशी बाबा तुला खांद्यावर घेऊन एक्स्चेंजच्या दारात आले. दुसऱ्या दिवशी मी नकार लिहून दिला. माझ्या जागेवर माझ्याहून धाकटी बसली. पुढची नऊ वर्षं मी तिला मॅडम म्हटलं."

मला ती ताटली आठवत नाही. पण गोष्ट आठवते, कारण ती मी स्वतः शंभर जणांना सांगितलीय. 'लहानपणी मला आईच्याच हातचं लागायचं, बाबांनी जंग जंग पछाडलं, पण मी आठ दिवस शितालाही शिवलो नाही!' चारचौघांत, हसत हसत, मोठ्या कौतुकाने. आई शेजारी बसलेली असायची. एकदाही तिने त्या गोष्टीचा पुढचा भाग सांगितला नव्हता.

मला रडू आलं. शेहेचाळीस वर्षांचा माणूस, टेबलाशी बसून, पोरीसमोर. "आई, मला माहीत नव्हतं गं," मी म्हणालो.

"चार वर्षांच्या पोराला काय माहीत असणार," आई म्हणाली. "तेव्हाचं मी तुला कधी बोलले नाही, आताही बोलत नाही. पण आता तू चारचा नाहीस." मग ती बायकोकडे वळली. "आणि तू. माझ्या भाजलेल्या हाताचं निमित्त करून जागा सोडलीस, तर मी या घरात जेवणार नाही. ना त्याच्या हातचं, ना तुझ्या."

बायकोने पत्र पर्समध्ये ठेवलं, उठली आणि कढईतलं जे होतं ते सगळ्यांना वाढलं. इतकं चांगलं मी तीन महिन्यांत खाल्लं नव्हतं. तेवढ्यातही मी दुसऱ्यांदा मागून घेतलं, निर्लज्जासारखं. सही करणार की नाही हे तिने सांगितलं नाही, आणि मला विचारायचं तोंड नव्हतं.

शुक्रवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. भोंग्याला सांगितलं, आजच्या ड्यूट्या तुम्हीच बघून घ्या. तो म्हणाला, "रोज बघतोच." घरी आलो तेव्हा बायको कधीच लॅबमध्ये गेली होती. चार्टवर शुक्रवारच्या रकान्यात मासे लिहिलेले. मी आईच्या खोलीत गेलो.

"आई, आज काय खाशील?"

हा प्रश्न तिला शेवटचा कुणी विचारला होता कोण जाणे, मी तरी कधी विचारला नव्हता.

"मऊ भात," ती म्हणाली. "आणि वर टोमॅटोचा रस्सा. आंबट नको."

संध्याकाळी तिला स्वयंपाकघराच्या दारात, गॅसपासून लांब, खुर्ची टाकून बसवलं. मग काय विचारता! चाळीस जणींना कसं सांभाळलं असेल त्याची मला कल्पना आली. "आच कमी कर. कमी म्हटलं, बंद नाही! कांदा हलव. अरे, कढईत हलव, ओट्यावर काय हलवतोस? पाणी कुणी सांगितलं घालायला?" मी हो आई, हो आई करत होतो. वकीलबाई टोमॅटो चिरता चिरता हसत होत्या. सहा वाजून गेले. सव्वासहा झाले. कुणी घड्याळाबद्दल बोलत नव्हतं, पण आई मध्येच सूचना द्यायची थांबायची आणि फोनकडे बघायची.

सात वाजायला वीस मिनिटं असताना फोन वाजला. माझे हात बरबटलेले. पोरीने फोन स्पीकरवर टाकून आजीच्या हातात दिला.

"झाली का सही?" आईने विचारलं. ना हॅलो, ना काही.

"झाली, आई," बायको म्हणाली. तिकडे मागे बाटल्यांचा आवाज येत होता. "आत्ताच कागद हातात आला."

आईने फोन दोन्ही हातांत धरला, तरी तो हलत होता.

"कागदावर तुझ्या जागेचं नाव काय लिहिलंय? वाच बघू."

बायको हसली. मग सावकाश, एकेक शब्द सुटा करून वाचलं, "विभागप्रमुख. संध्याकाळची पाळी."

आईने डोळे मिटले.

"परत एकदा वाच," ती म्हणाली.